काढलास, दिलास कुठे

९ जून २०२५, सोमवार
पवनानगर

मानसी,

आज सकाळी अकरा चाळीसला तुझा ओटीपी माझ्या मोबाईलवर आला. अकरा त्रेचाळीसला दुसरा. अकरा एक्कावन्नला तिसरा. मी धरणाच्या कडेला तंबूचे खुंटे ठोकत होतो. हातोडी खाली टाकली आणि फोन हातात धरून बसलो, की आता तुझा कॉल येईल आणि तू म्हणशील, अमृत, आकडे सांग. एवढंच. सॉरी नको होतं, कसा आहेस नको होतं. तेवढंही जमलं नाही तुला.

ते आकडे कुठे जातात ते तुला चांगलं माहीत आहे. विद्यापीठाच्या तुझ्या खात्याला माझा नंबर आहे. तूच म्हणाली होतीस, तुझाच टाक. तुमच्या घरात सगळे फोन सुरजदादाच्या हाताखालून जाणार, म्हणून माझा नंबर. तेव्हा चालला. आता तोच नंबर ब्लॉक करून ठेवलायस, आणि तुला पुढं शिकायचं तर दार त्याच नंबरातून उघडतंय. दीड वर्ष तुझं काही अडलं नाही, कारण परीक्षेचे फॉर्म कॉलेजच भरतं. आता अडलंय. बरं झालं.

व्हॉट्सअॅपवर ब्लॉक, इन्स्टावर ब्लॉक, कॉल केला की एकदा वाजून कट. म्हणून हा कागद. तुझ्या मैत्रिणीच्या, रुमाईसाच्या पत्त्यावर लोणावळ्याला टाकतोय, कारण तुमच्या घरी बेडश्याला टाकलं तर तुझ्याआधी तुझा भाऊ फोडणार. दुसऱ्याला आलेलं पत्र फोडून वाचायला लोकांना लाज कशी वाटत नाही, हेच मला कळत नाही.

घे तुझे आकडे. सात एक नऊ, शून्य चार तीन. दहा मिनिटं चालतो तो. हे पत्र तुझ्या हातात पडायला दोन-तीन दिवस लागतील. मुद्दाम लिहितोय. बघ, आणि चिड.

फोन कर.

अमृत


१२ जून २०२५, गुरुवार

मानसी,

तू फोन केला नाहीस. रुमाईसाला करायला लावलास. आमचं काय बोलणं झालं ते तिनं तुला तिखटमीठ लावून सांगितलंच असेल, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

"अमृत, ओटीपी आला असेल आत्ता. सांग."

"कोणाचा?"

"नाटक करू नको. मानसी हितंच बसलीय माझ्याजवळ. एम.एस्सी.चा फॉर्म वीस तारखेला बंद होतोय."

"मग तिला बोलू दे."

"ती नाही बोलणार."

"मग मला पण मेसेज नाही दिसत. धरणावर रेंज नाही."

"रेंज नाही तर माझा कॉल कसा लागला रे शहाण्या?"

मी फोन ठेवला. मागून तुझा आवाज येतोय का ऐकत होतो. आला नाही. पंख्याचा आला.

मग तिनं मेसेज टाकला, की वीस तारखेपर्यंत फॉर्म गेला नाही तर सुरजदादा तुला पंचवीसपासून तळेगावच्या कंपनीत पॅकिंगला लावणार. त्यानं सुपरवायझरकडं शब्द टाकलाय. ते वाचून मला काय वाटलं ते लिहू? बरं वाटलं. कंपनीची बस कामशेतवरून जाते. तू रोज फाट्यावर उभी राहशील, आणि मी पाहुण्यांना आणायला जीप घेऊन रोज तिथं असतो. पुण्याला गेलीस की गेलीस. एवढा मी वाईट आहे. पण मला वाईट कोणी केलं ते पण बघ ना जरा.

पहिलं पत्र टाकायला पोस्टात गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी पाकीट उलटंपालटं केलं.

"पिनकोड?"

"तो लागतोच का?"

"आन् तिकीट मागं का डकवलंयस?"

"कुठं लावतात?"

"शिकलास किती रं तू?"

"बी.एस्सी. कॉम्प्युटर. दुसऱ्या वर्षापर्यंत."

बाईंनी तिकीट अलगद सोडवून पुढच्या बाजूला चिकटवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मला परत तंबूत जाऊन पडावंसं वाटलं. अख्ख्या वर्गाला मी शिकवलं, मानसी. अख्ख्या वर्गाला. आणि मला पाकिटावर तिकीट लावता येईना.

आठवतंय का तो आपला विषय? डिजिटल साक्षरता, दोन क्रेडिट. सर भिंतीवर चित्र टाकायचे आणि तेच वाचून दाखवायचे. परीक्षा कागदावर. माऊसची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या, पाच गुण. फरदीननं शेपूटवाला उंदीर काढला, मिशांसकट, आणि त्याला पाचपैकी दोन मिळाले. कशाचे दोन ते सरांनाच माहीत. सगळे पास. मग प्रत्येकाचं प्रमाणपत्र मेलवर आलं, आणि ते प्रमाणपत्र उघडायला सगळा वर्ग माझ्यापुढं रांगेत. कारण कोणालाच आपला पासवर्ड माहीत नाही. रील टाकायला तीन सेकंद लागायचे ह्या लोकांना, आणि मेलला फाईल जोडायची म्हटलं की हात आखडायचा. "अमृत, माझं तेवढं काढून दे ना." दाखला काढतात, रेशनकार्ड काढतात, तसा मेल आयडी काढायचा. पहिल्या वर्षाला तेवीस जणांचे आयडी मी काढून दिले. कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही.

आणि तू पहिला मेल पाठवलास तो मला. सगळा मजकूर विषयाच्या चौकटीत. 'अमृत तू शिकवलंस त्याबद्दल आभारी आहे उद्या साडेसातच्या जीपला थांब.' खालचं सगळं कोरं. मी तुला सांगितलं, अगं वेडे, विषय वर, पत्र खाली. तू म्हणालीस, जीपला थांब हाच विषय आहे.

तो मेल अजून आहे माझ्याकडं. तू बसलीयस तिकडं रुमाईसाच्या पंख्याखाली.

इथल्या तंबूंचे मालक दत्तोबाभाऊ. पंचावन्न वय, चौथीपर्यंत शाळा. परवा एका पाहुण्यानं बुकिंग रद्द केलं आणि फोनवर म्हणाला, काका, एक नंबर आलाय तो सांगा. भाऊंनी फोन ठेवून दिला. मी म्हटलं, सांगायचा ना, गिऱ्हाईक होतं. तर म्हणाले, "आकडा मागितला की फोन ठिवायचा. म्या बायकूला बी सांगत न्हाई. येकदा तिनं इचारला तर म्हन्लं, तुजा तुला येतूय ना? मंग."

मला का कोण जाणे त्यांचा राग आला. दुपारभर बोललो नाही त्यांच्याशी.

आठ दिवस आहेत. एक फोन कर, एका मिनिटात आकडे देतो. तुझा आवाज पाहिजे, बाकी काही नाही.

अमृत


१५ जून २०२५, रविवार

मानसी,

आज तुझी मैत्रीण इथं आली होती. लोणावळ्याहून कामशेत लोकलनं, तिथून जीपनं. रविवार, सगळीकडं पाहुणे, जीपच्या टपावर बसायची पाळी, आणि ही बाई तंबूंच्या मधून दणादणा चालत आली. चप्पल चिखलानं भरलेली. मी एका कुटुंबाला शेगडी पेटवून देत होतो. त्यांच्यासमोर म्हणाली, "झालं तुझं समाधान?"

"कशाचं?"

"खातं लॉक झालं. ओटीपी मागून मागून. आता आकडे दिलेस तरी उपयोग नाही."

मला खरंच माहीत नव्हतं असं होतं म्हणून. मी तिला म्हटलं, मग तिनं इतक्या वेळा मागवायचा कशाला. त्यावर रुमाईसा जे बोलली ते लिहीत नाही. त्या कुटुंबातल्या बाईंनी आपल्या मुलांना पाणी दाखवायला नेलं.

मग तिला चहा दिला. घेतला नाही. दत्तोबाभाऊंनी दिला तर घेतला. आणि कप हातात धरून, एकदम हळू आवाजात मला म्हणाली, "नंबर तुझा टाक असं मानसी कधी म्हणाली रे?"

"पहिल्या वर्षाला. लॅबमध्ये."

"मी शेजारच्या खुर्चीवर होते. तिनं चिठ्ठीवर आईचा नंबर लिहून दिला होता. विठाबाई मावशींचा."

"तिच्या आईकडं साधा फोन आहे, बटणांचा."

"मग? बटणांच्या फोनवर मेसेज येत नाही का? तू कॉम्प्युटरवाला ना?"

मी म्हटलं, तुला नीट आठवत नाही. तीन वर्षं झाली. ती म्हणाली, "मला त्या चिठ्ठीची मागची बाजू पण आठवतेय. मागं डाळीचा भाव लिहिला होता."

खोटं बोलते ती. तुझी बाजू घ्यायची म्हणून बोलते. मी नाही मानत.

पण ती गेल्यापासून माझ्या डोळ्यासमोर लॅबमधला तो दुसराच दिवस आहे, गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला, आणि तू तुझ्या बाजूनं तो शंभर जणांना सांगितला असशील, म्हणून माझ्या बाजूनं एकदा लिहू दे.

तुझा मेल माझ्या मोबाईलमध्ये उघडाच होता. मी काही चोरून उघडला नव्हता. ज्या दिवशी काढून दिला त्या दिवशी उघडला, आणि बंद केला नाही, एवढंच. रोज नाही बघायचो. कधीतरी, जीपमध्ये बसल्या बसल्या. आणि त्या दिवशी तो पुण्याचा मेल दिसला. आपली निवड झाली आहे, मे आणि जून, दोन महिने प्रशिक्षण, राहण्याची सोय. अर्ज कधी केलास, कोणाला विचारून केलास, मला एक शब्द नाही. मेमध्ये आपलं राजमाचीला जायचं ठरलं होतं. मी लॅबमध्ये आलो आणि विचारलं. ओरडलो म्हणतेस, तर ओरडलो. "पुण्याला निवड झाली आणि मला सांगितलं नाहीस?" असं म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. फरदीन होता, अनिता होती, स्वराज होता, लॅबच्या मॅडम होत्या.

आणि तू माझ्याकडं नुसतं बघत राहिलीस. मला वाटलं पकडली गेली म्हणून बघतेय. मग तू म्हणालीस, "झाली का निवड?"

तुला माहीतच नव्हतं. तू तो मेल उघडलाच नव्हतास अजून.

मग तू एकेक शब्द तोडून म्हणालीस, "आमच्या घरात आजपर्यंत माझ्या नावानं चांगलं असं काहीच आलं नव्हतं, अमृत. पहिल्यांदा आलं. ते मला वाचायचं होतं. तू वाचलंस आणि मला ओरडून सांगितलंस."

मी काय म्हणालो ते पण लिहितो, लपवत नाही. मी म्हणालो, "आयडी कोणी काढून दिला तुला?"

"काढलास," तू म्हणालीस. "दिलास कुठे?"

वर्गात कोणीतरी हसलं. तुला हसले का मला, अजून कळलेलं नाही. मॅडमनी मला लेखी माफी मागायला सांगितली, तीन दिवसांची मुदत दिली. मी बॅग उचलली आणि जीपमध्ये बसलो. त्यानंतर कॉलेजचं तोंड बघितलं नाही. लोक म्हणतात मानसीमुळं सोडलं. घरी सांगितलं, शिक्षणात काही राम नाही. तू सांग खरं काय ते, तुला फार माहीत असतं.

जाताना रुमाईसा सांगून गेली, की आता एकच रस्ता आहे. ज्याचा नंबर आहे त्यानं कॉलेजच्या ऑफिसात हजर होऊन लिहून द्यायचं, की हा नंबर ह्या मुलीच्या खात्यावर कसा आला. त्यासोबत आधारची झेरॉक्स. मग ते विद्यापीठाला कळवणार आणि खातं उघडणार. बुधवारी चारच्या आत.

"आणि नाही आलो तर?"

"तर काही नाही. पंचवीस तारखेपासून तिला फाट्यावर बघ रोज."

म्हणजे फाट्याचं लिहिलेलं ते पत्र तूच तिला वाचून दाखवलंस. मी तुला लिहिलं होतं, रुमाईसाला नाही.

अमृत


१९ जून २०२५, गुरुवार

मानसी,

काल मी कॉलेजात आलो होतो. तू ऑफिसच्या बाहेर बाकावर बसली होतीस, फाईल मांडीवर. मी समोरून गेलो. तू मान वर केली नाहीस. केस बारीक केलेस ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

आत ऑफिसातल्या सविता मॅडमनी मला कोरा कागद दिला. मी लिहिलं, सदर मोबाईल क्रमांक नजरचुकीने टाकला गेला आहे. त्यांनी वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"कोणाच्या नजरचुकीनं?"

"असंच. चुकून."

"फॉर्मवर सही मुलीची आहे. दिलेली माहिती खरी आहे म्हणून तिनं सही केलीय. चूक झाली म्हटलं तर चूक तिची. चौकशी लागली तर फॉर्म अडकला. चालेल?"

मी दुसरा कागद मागितला. लिहिलं, सदर विद्यार्थिनीने स्वतःहून माझा क्रमांक देण्यास सांगितले. हे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलंय, रुमाईसाला तोंडावर सांगितलंय, घरी सांगितलंय, सोळा महिने जो भेटेल त्याला सांगितलंय. कागदावर खाली सही करायची जागा होती. वर आपलं नाव, खाली आपली सही, मध्ये हे वाक्य.

मानसी, मला सही करता येईना.

मॅडम म्हणाल्या, "काय झालं? शाई संपली?"

मी म्हटलं, अजून एक कागद द्या. त्या म्हणाल्या, "सरकारी कागद आहे बाबा, वही नाही." पण दिला. त्यावर जे लिहिलं ते तुला वाचायला मिळेल की नाही माहीत नाही, म्हणून इथं उतरवतो. मी काय लिहिलं ते तू दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नयेस.

'मी, अमृत, वय एकवीस, राहणार पवनानगर, तालुका मावळ, लिहून देतो की, सन २०२२ मध्ये प्रथम वर्षाच्या प्रवेशावेळी मानसी हिचे मेल खाते व विद्यापीठाचे खाते मी उघडले. तिने तिच्या आईचा मोबाईल क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला होता. मी तो क्रमांक न टाकता माझा टाकला. तिला विचारले नाही. तिला ते नंतर कळले तेव्हा, आईचा फोन चालत नाही असे मी तिला खोटे सांगितले. त्यानंतर सुमारे दीड वर्ष मी तिचे मेल रोज वाचत होतो. हे तिला माहीत नव्हते. यात तिची काहीही चूक नाही. या क्रमांकावर तिच्या नावाने काही येण्याचे कारण नाही.'

रोज. मागच्या पत्रात 'कधीतरी' लिहिलं होतं ना मी? रोज वाचायचो.

चिठ्ठी मला आठवते. डाळीचा भाव पण. तुझ्या आईचे आकडे टाकायला सुरुवात केली होती, पहिले चार टाकले सुद्धा. मग वाटलं, माझा टाकला तर प्रत्येक वेळी हिला माझ्याकडं यावं लागेल. खोडून माझा टाकला. काही फार मोठा विचार केला नव्हता. अठरा वर्षांचा होतो, तू शेजारी बसली होतीस, आणि तुझ्या हाताला कोथिंबिरीचा वास येत होता. हे कारण त्या कागदावर नाही लिहिलं. हे कारण नाहीच आहे.

सविता मॅडमनी तिसरा कागद दोनदा वाचला.

"हे असं लिहून दिलंस तर उद्या पोलिसात जाऊ शकतं. कळतंय का?"

"कळतंय."

"खोडायचंय?"

"नाही."

शिक्का मारताना म्हणाल्या, "हेच दीड वर्षापूर्वी लिहिलं असतंस तर आज पदवी घेऊन बाहेर पडला असतास." मला एवढा राग आला की तो शिक्का त्यांच्या हातातून ओढून घ्यावा असं वाटलं. राग त्यांचा नव्हता. कोणाचा होता ते तुला सांगायला नको.

आणि आज दुपारी सव्वाबाराला अनोळखी नंबरवरून कॉल आला. मी उचलला. तुझा श्वास मी ओळखतो, तू बोलायच्या आधी ओळखला. तू म्हणालीस, "नंबर बदलायचा शेवटचा ओटीपी आला असेल."

आला होता. सोळा महिने मी ठरवून ठेवलं होतं, तू बोललीस की काय काय सुनवायचं. पाठ होतं मला. कॉलेज सोडलं ते, तुझ्यासाठी थांबलेल्या जीपा, सगळं. मी म्हणालो, "चार शून्य आठ, दोन दोन सात."

"चार शून्य आठ, दोन दोन सात," तू म्हणालीस. "बरोबर?"

"बरोबर."

मागं कीबोर्डचा आवाज. मग तू म्हणालीस, "झालं." आणि ठेवलास.

तू चार वाजता फॉर्म भरलास असं रुमाईसानं कळवलं. त्याचा मेसेज माझ्याकडं आला नाही.

अमृत


२ जुलै २०२५, बुधवार

मानसी,

तुझं नाव यादीत लागल्याचं कळलं. सुरजदादानं पेढे वाटले म्हणे. ज्याला तुला पॅकिंगला लावायचं होतं त्यानं. त्याचे पेढे घशाखाली कसे गेले लोकांच्या.

हे पत्र तू परत बोलावंस म्हणून नाही. बोलू नकोस. मी इथं एका वेगळ्याच गोष्टीनं पेटलोय आणि ते ऐकायला मला दुसरं माणूस नाही.

तुझ्याशिवाय बावीस जण आहेत. बावीस जणांचे आयडी मी काढले, आणि त्यांतले बहुतेक माझ्या नंबरावर, माझ्या पासवर्डनं, माझ्या मोबाईलमध्ये उघडे. त्यांचे मी वाचत नव्हतो, ते कोण वाचणार. पण उघडे होते. मी ठरवलं, एकेकाला फोन करायचा, खरं सांगायचं, शिव्या खायच्या, नंबर बदलून द्यायचा. शिव्यांची तयारी केली होती. तुझ्या शिव्या खाऊन झाल्यावर ह्यांच्या काय लागणार.

पहिला फरदीन. मी सांगितलं, तुझा मेल तीन वर्षं माझ्या फोनात उघडा आहे, मी कधीही वाचू शकत होतो.

"मग वाचलास का?"

"नाही."

"मग वाचायचा ना भाई, मी पण नाही वाचलेला. त्यात काय आलंय ते तरी कळलं असतं."

अनिता म्हणाली, "तो आयडी माझा आहे होय? मला वाटलं तो कॉलेजचा असतो." तिच्या मेलवर एका बँकेचं मुलाखतीचं पत्र पडलंय, मार्चमधलं. मी तिला वाचून दाखवलं नाही. म्हटलं, पासवर्ड सांगतो, तूच उघड. तिला उघडेपर्यंत पाऊण तास लागला, मी फोनवर. उघडलं, वाचलं, तारीख गेलेली. मला वाटलं आता तरी ओरडेल. म्हणाली, "जाऊ दे. नशीब." आणि मला थँक्यू म्हणाली.

स्वराजनं डिजिटल मार्केटिंगचा कोर्स लावलाय चिंचवडला. दहा हजार फॉलोअर आहेत. त्याला म्हटलं, नवा पासवर्ड टाक, मला सांगू नकोस.

"मी विसरणार रे. तुझ्याकडंच राहू दे."

"अरे, तुझं खातं आहे ते."

"मग काय झालं? तू काढून दिलायस ना."

"काढला फक्त," मी म्हटलं, "दिला नव्हता. आता देतोय. घे."

"तू एवढा चिडतोस कशाला?"

मी खरंच चिडलो होतो, मानसी. हातातला पाण्याचा डबा आपटला. दत्तोबाभाऊ तंबूतून बाहेर येऊन म्हणाले, "कुनाशी भांडतूयस रं?" मी म्हटलं, वर्गातल्या मुलांशी. "काय मागत्यात?" म्हटलं, काही मागत नाहीत, भाऊ. त्यांचंच त्यांना देतोय तर घेत नाहीत. भाऊ खो खो हसले आणि आत गेले. मला हसू आलं नाही.

सतरा फोन झाले. दोघांनी नंबर बदलून घेतला, तेही मी आरडाओरडा केला म्हणून. बाकीचे म्हणाले, राहू दे, नंतर बघू, तू आहेस ना. एकानं विचारलं नाही की तू असं का केलंस. एकानं शिवी दिली नाही. मी शिवी मागून बघितली, तरी दिली नाही.

तेवीस जणांत चिडलेली तू एकटी. तेव्हा मला वाटायचं, बाकीचे बावीस काही बोलत नाहीत म्हणजे चूक तुझी.

पाच फोन राहिलेत. आता जीप रिकामी करून पहिला लावतो. त्यांतलं एक तरी माणूस माझ्यावर चिडलं पाहिजे.

अमृत